चाळीस मिनिटांत तलाव

कुंदाबाई कापगते पास झाली. शंभरपैकी एक्याऐंशी गुण, प्रमाणपत्रावर फोटो आणि फोटोत दोन्ही डोळे उघडे. जांभूळटोल्यात पेढे वाटले गेले, आणि ज्यांना पेढा मिळाला नाही त्यांनी निकालावर शंका घेतली.

आता हे वाचलंच नाही असं समजा. असं काही घडलेलं नाही. कुंदाबाई अजून आपल्या घरी, पडवीत सुपात लाखोरीची डाळ घेऊन निवडत बसली आहे. परीक्षा नावाची गोष्ट तिच्या आयुष्यात आलेली नाही आणि त्या पेढ्यांचं दूध अजून म्हशीत आहे.

तर लाखोरी. ती अर्धी निवडून झाली होती तेव्हा डिंपल बातमी घेऊन आली. डिंपल म्हणजे कुंदाबाईची सून. तिच्याकडं सात प्रमाणपत्रं होती: शिवणकाम, ब्युटी पार्लर, अळिंबी लागवड, मोबाईल दुरुस्ती, अगरबत्ती, संगणक आणि सातवं असं की त्यावर 'यशस्वीरीत्या पूर्ण केले' एवढंच छापलं होतं, काय पूर्ण केलं ते नव्हतं. नोकरी एकही नव्हती. पण सातही फ्रेममध्ये होती, आणि भिंतीला पडलेली भेग त्यामागं अगदी व्यवस्थित झाकली जात होती.

"आई, कमिटीत ठरलं म्हने," डिंपल म्हणाली. "तलावाचं पानी आता सर्टिफिकेटवालाच सोडन."

"आतावरी कोन सोडे?"

"तुमी."

"मंग?"

"तुमच्यापाशी सर्टिफिकेट कोठं आहे?"

कुंदाबाईनं सुपातला एक खडा उचलला, नीट पाहिला आणि अंगणात टाकला. कमिटीच्या सचिवाला टाकता येत नव्हतं.

जांभूळटोल्याचा तलाव कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेला आहे. कधी, ते कोणाला सांगता येत नाही, कारण बांधणाऱ्यांनी पाटी लावली नाही, पाणी साठवलं. कोहळी माणसाला रिकामी जागा आणि उतार एकत्र दिसला की त्याचे हात खाजवतात. बाकीचे लोक तिथं घर बांधतात, नाहीतर पानठेला टाकतात. कोहळी आधी तलाव बांधतो आणि मग गाव कुठं बसवायचं त्याचा विचार करतो. या तलावाचं पाणी धानाच्या बांध्यांना, म्हणजे शेताच्या तुकड्यांना, पाळीपाळीनं वाटणारा माणूस म्हणजे पाणकर. एकोणीस वर्षं पाणकर म्हणून रजिस्टरात कुंदाबाईच्या नवऱ्याचं, उमरावचं नाव होतं. चार वर्षांपूर्वी त्याच्या गुडघ्यांनी तलावाची पाळ, म्हणजे मातीचा बांध, चढायला नकार दिला. तेव्हापासून कुंदाबाई चढत होती. रजिस्टरात नाव उमरावचंच राहिलं. गाव तिला पाणकर म्हणत नव्हतं. गाव म्हणायचं, 'उमरावची बाई पानी सोडते.'

हे तिला चार वर्षं बोचत होतं. ती कोणाला बोलली नाही, कारण बोलायला गेलं की लोक म्हणणार, नावानं काय पानी जास्त येते काय. आता तर नावासोबत कामही जाणार होतं. कामठ्याचा अश्विन नावाचा एक पोरगा आधीच अर्ज करून मोकळा झाला होता. नागपूरहून त्यानं जलवितरण सहाय्यकाचं प्रमाणपत्र आणलं होतं. त्यानं सचिवाला फोन करून दोनच गोष्टी विचारल्या होत्या: तलावाचं लोकेशन पाठवता का, आणि पार्किंग आहे का.

"कोठं भेटते ते सर्टिफिकेट?" कुंदाबाईनं विचारलं.

"सौंदडले. दहा दिवसाचा कोर्स आहे. मी नाव टाकून देली तुमचं."

"कवा?"

"काल."

सात प्रमाणपत्रांचा हा पहिला उपयोग होता. डिंपलला सगळे फॉर्म तोंडपाठ होते.

कोर्स सौंदडच्या शुभारंभ लॉनमध्ये होता. आमच्याकडं लग्नाच्या हॉलला लॉन म्हणतात, गवत असेलच असं नाही. शुभारंभच्या मागं अर्धा एकर उताराची जागा होती. मालक भैयाजी तिथं गवत लावणार होते, नऊ वर्षांपासून. लग्न नसेल त्या वेळी हॉल प्रशिक्षणाला भाड्यानं जायचा, त्यामुळं अठ्ठावीस प्रशिक्षणार्थी नवरा-नवरीच्या दोन सिंहासनांकडं तोंड करून बसायचे. सगळे पस्तीस ते साठ वयाचे, सगळ्यांचे हात घट्टे पडलेले, आणि सगळ्यांकडं नवी कोरी वही.

शिकवायला पीयूष सर होते. वय चोवीस, गोंदिया शहरातले, घाबरले की पूर्ण हिंदीत जाणारे. मुलगा वाईट नव्हता. त्यानं तलाव स्लाइडवर पाहिला होता, आणि ती स्लाइड राजस्थानची होती. पहिल्या दिवशी त्यानं पडद्यावर पहिली ओळ दाखवली: पाणी म्हणजे काय. अर्धा तास समजावून सांगितलं.

टिकारामनं हात वर केला. टिकाराम बावन्न वर्षांचा, तीस वर्षं मातीकाम केलेला, कुंदाबाईच्याच गावचा.

"सर, बरं झालं सांगतलं जी," तो म्हणाला. "आमी इतके दिवस तसंच पीत होतो."

पीयूषनं वहीत लिहून घेतलं की विद्यार्थ्यांना उपयोग होतो आहे.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, पाळीतून पाणी झिरपायला लागलं तर काय कराल. पुस्तकात उत्तर होतं, वरिष्ठांना कळवावे. कुंदाबाईनं उत्तर दिलं ते वीस मिनिटं चाललं. गढूळ झिरपतं की निवळ, पाळीच्या पायथ्याशी की मधून, खेकड्याच्या भोकातून की उंदराच्या, आणि प्रत्येकाला वेगळी माती. निवळ असेल तर निवांत राहावं, गढूळ असेल तर जेवण सोडून पळावं. पाचव्या दिवसापासून पीयूष खाली बसून लिहून घ्यायला लागला आणि कुंदाबाई उभी राहून सांगायला लागली. हजेरी मात्र तोच घ्यायचा. व्यवस्थेत काहीतरी व्यवस्था पाहिजे.

नवव्या दिवशी प्रात्यक्षिक परीक्षेचा कागद वाटला गेला. पहिला प्रश्न असा होता: 'तलावाची रचना तयार करून दाखवा. वेळ चाळीस मिनिटे. गुण चाळीस. हा प्रश्न संपूर्ण तुकडीने एकत्रित सोडवावा.'

पीयूषच्या मनात होता थर्माकोल. थर्माकोलची पाळ, निळ्या कागदाचं पाणी, वर कापसाचे दोन ढग. सामान ऑफिसच्या कपाटात होतं. हे सांगायचं तो विसरला, कारण चारच्या गाडीची वेळ झाली होती. "कल प्रैक्टिकल है, थोडी तैयारी करके आना," एवढं म्हणून तो स्टेशनकडं पळाला.

हॉलमध्ये अठ्ठावीस माणसं कागदाकडं पाहत राहिली.

"चाळीस मिनिटात तलाव होत नाही," टिकाराम म्हणाला.

"नाही होत," सगळे म्हणाले. नऊ दिवसांत पहिल्यांदाच पूर्ण वर्गाचं एकमत झालं.

"सर बोलले का नाही, तयारी करून या म्हनून?" कुंदाबाई म्हणाली.

मग सगळे उठून हॉलच्या मागं गेले. तिथं अर्धा एकर रिकामी जागा होती आणि तिला उतार होता. टिकारामनं एक डोळा बारीक केला. कुंदाबाईनं चपला काढून जमीन पायानं चाचपली. बाकीच्यांचे हात खाजवायला लागले होते.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या सुमारास शुभारंभ लॉनच्या मागं अठ्ठावीस परीक्षार्थी, त्यांचे एकतीस नातेवाईक, दोन ट्रॅक्टर आणि मोजता येणार नाहीत इतकी घमेली हजर होती. नातेवाइकांना कोणी बोलावलं नव्हतं. तलाव बांधायचा आहे असं कानावर आल्यावर घरी थांबणं त्यांना बरं दिसलं नाही. डिंपलही आली. तिनं आल्या आल्या सगळ्यांची नावं लिहून घेतली, कारण कोणत्याही प्रशिक्षणात शेवटी यादी मागतात हा तिचा अनुभव होता.

माती टाकायची, पाणी शिंपडायचं, तुडवायची, परत टाकायची. बायका-पुरुष रांगेनं पाळीवरून मागं-पुढं चालत होते. दहा वाजेपर्यंत कमरेएवढ्या उंचीची, पस्तीस पावलं लांब, अर्ध्या चंद्रासारखी पाळ उभी राहिली. अशा लहान तलावाला आमच्याकडं बोडी म्हणतात. कुंदाबाईनं स्वतः मध्यभागी तुडूम बसवला. तुडूम म्हणजे पाणी सोडायची जागा: पायरीसारखी एकाखाली एक भोकं, प्रत्येकात लाकडी खुंटा. वरचा खुंटा काढला तर वरचंच पाणी जातं, खालचा काढला तर जास्त जातं. तुडुमातून टिकारामनं उताराच्या दिशेनं पाट खणला, तो खणत खणत स्वयंपाकघराच्या मागं भांडी घासायच्या ओट्यापर्यंत गेला आणि तिथं त्याला चहा मिळाल्यामुळं थांबला.

एवढ्यात पाण्याचा टँकर आला. त्याच संध्याकाळी हॉलमध्ये लग्न होतं, त्यासाठी मागवलेला. ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं, "पानी कहाँ खाली करूँ?"

साठ माणसांनी एकाच दिशेला बोट दाखवलं.

साडेदहाला भैयाजी आले. हॉलच्या मागं आले आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांना तिथं हिरवळीऐवजी पाणी दिसलं.

"हे काय आहे गा?"

"प्रात्यक्षिक," टिकाराम म्हणाला.

"अरे, माहं संध्याकाळी लग्न आहे."

"या वयात, भैयाजी?"

"पार्टीचं लग्न रे बाबा."

"मंग पार्टीले पाय धुवाले होईल," टिकाराम म्हणाला आणि घमेलं उचलून निघून गेला.

भैयाजी पुढं काही बोलणार, तेवढ्यात फाटकातून पीयूष आत आला आणि त्याच्यासोबत परीक्षक. नंदलालजी. ते दुसऱ्या जिल्ह्यातून आले होते, दिवसाला तीन परीक्षा घेत, आणि हातातल्या टॅबवरून डोळे न काढता चालण्याची त्यांना सवय झाली होती. पीयूषनं बोडी पाहिली. तो हॉलच्या पायरीवर बसला.

"यह क्या हो गया," तो हळूच म्हणाला.

"तयारी, सर," कुंदाबाई म्हणाली. पीयूषच्या हातात थर्माकोलचा तुकडा होता. तिनं तो पाहिला आणि तिच्या सगळं लक्षात आलं. मुलाला वाईट वाटू नये म्हणून ती म्हणाली, "तुमचाही चांगला आहे. आमी मातीचा केला इतकंच."

"मॉडेल टेबलावर ठेवा," नंदलालजी टॅबकडं पाहत म्हणाले.



"साहेब," टिकारामनं विचारलं, "किती टेबलं आहेत?"

नंदलालजींना फोटो काढावा लागतो. फोटो काढल्याशिवाय टॅब पुढचा प्रश्न देत नाही. त्यांनी टॅब समोर धरला. टॅबवर उमटलं: 'मॉडेल ओळखता आले नाही. कृपया जवळ जा.' ते जवळ गेले. 'कृपया आणखी जवळ जा.' ते आणखी जवळ गेले. टॅबनं फोटो स्वीकारला तेव्हा नंदलालजी घोट्यापर्यंत पाण्यात होते. तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर केली, पाळीकडं पाहिलं, साठ माणसांकडं पाहिलं, परत खाली पाहिलं आणि चाळीसपैकी चाळीस दाबले. वेळेच्या रकान्यात त्यांनी चाळीस मिनिटंच लिहिली. बुटात पाणी शिरलेल्या माणसाला जास्त लिहायची इच्छा राहत नाही.

दुसरा प्रश्न एकेकट्याचा होता. पाणी सोडून दाखवा, वेळ दोन मिनिटे, गुण चाळीस. यात नापास झालं तर पहिल्या प्रश्नाचे गुण धरत नाहीत. सगळ्यांनी पहिला नंबर कुंदाबाईला दिला.

ती पाळीवर चढली. लुगड्याचा काष्टा नीट खोवला. तुडुमाच्या वरच्या खुंट्यावर हात ठेवला. आणि तिनं मान वर करून हाक दिली:

"कोनाची पारी?"

टॅबवरचे आकडे उलटे पळायला लागले होते.

"उघडा," नंदलालजी म्हणाले.

"कोनासाठी?"

"परीक्षेसाठी."

"परीक्षेची बांधी कोठं आहे? वरती का खालती?"

नंदलालजींनी टॅबमध्ये शोधलं. तिथं अशी माहिती नव्हती.

इथं जांभूळटोल्याची रीत सांगायला हवी. तिथं पाणी सर्वांत आधी शेवटच्या बांधीला देतात. पाण्याजवळच्या माणसाला पाणी मिळणारच आहे, लांबच्याला मिळालं की समजायचं सगळ्यांना मिळालं. म्हणून पारी, म्हणजे पाळी, कोणाची अशी पाणकर तीन वेळा हाक देतो आणि शेवटच्या टोकावरून कोणीतरी 'माही', म्हणजे माझी, म्हटल्याशिवाय खुंट्याला हलवत नाही. तीन हाका रिकाम्या गेल्या तर पाणकर घरी जातो. कोणासाठीच नसलेलं पाणी सोडणं म्हणजे पाणी सोडणं नाही, ती गळती झाली. आणि गळतीला पाणकर लागत नाही, उंदीर पुरतो.

"आई, उघडा नं," डिंपल खालून म्हणाली. "दीड मिनिट राह्यलं. इथं सगळे खोटंच करतात. मी मोबाईलच्या परीक्षेत बंद मोबाईल धरून हॅलो बोलली होती."

कुंदाबाईला कळत होतं. खुंटा उपटायला दोन बोटं पुरतात. उपटला की प्रमाणपत्र, प्रमाणपत्र आलं की रजिस्टर. नाही उपटला तर अश्विन पावसाळ्याआधी येणार, पाळीवर गाडी लावणार आणि फोनवर विचारत विचारत पाणी सोडणार, आणि ती पडवीत बसून लाखोरी निवडत त्याचा आवाज ऐकणार. हे सगळं तिला पाळीवरून अगदी स्वच्छ दिसलं. तिनं दोन बोटं खुंट्याला लावली. बोटं हलेनात. चार वर्षांत एकदाही तिच्या हातानं कोणाची पारी नसताना खुंटा काढला नव्हता आणि आता तो हात तिचं ऐकायला तयार नव्हता.

"कोनाची पारी?" तिनं दुसरी हाक दिली.

साठ माणसं खाली मान घालून उभी होती. 'माही' म्हणून कोणीही खोटं ओरडू शकलं असतं. कोणी ओरडलं नाही. त्यांच्याकडं इथं बांधी नव्हती, मग कसं ओरडणार. पीयूषच्या तोंडाशी आलं होतं, पण टिकारामनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं थर्माकोल घट्ट धरला.

वीस सेकंद.

"कोनाची पारी?"

स्वयंपाकघराच्या मागून आवाज आला.

"माही."

पाट संपत होता तिथं, भांडी घासायच्या ओट्यावरून मंगली उठून उभी राहिली. मंगली प्रतापगडकडच्या जंगलपट्ट्यातली. एरवी वनखात्याच्या मजुरीला जायची, लग्नाच्या हंगामात इथं भांडी घासायची. तिच्याभोवती लहान घराएवढा भांड्यांचा ढीग होता, गंज-बगोने म्हणजे लहानमोठी पातेली, सगळी कोरडी, सगळी काल रात्रीची.

"सकारपासून बसून आहो," ती म्हणाली. "टँकर आला म्हने. मंग कोठं गेला म्हने. गंज, बगोने तसेच पडून आहेत. माहं पानी कोन नेलं त्याचा पत्ता नाही."

साठ माणसांनी बोडीकडं पाहिलं आणि मग आपापल्या पायांकडं.

कुंदाबाईनं वरून दुसरा खुंटा काढला. पहिला नाही, दुसरा, ओटा लांब होता म्हणून. पाणी तुडुमातून आलं, पाटाला लागलं, वळणावर जरा थांबल्यासारखं केलं आणि ओट्याशी मंगलीनं पाटाच्या तोंडाशी लावलेल्या गंजात पडायला लागलं. कुंदाबाई मंगलीकडं पाहत होती. मंगलीनं हात वर करायला सुरुवात केली, हात अर्ध्यात असतानाच कुंदाबाईनं खुंटा बसवला. पाटातलं उरलेलं पाणी सावकाश गेलं आणि मंगलीचं गंज काठोकाठ भरलं. ओट्यावर एक थेंब सांडला नाही. मंगलीनं गंजाकडं पाहिलं, मग लांब पाळीवर उभ्या असलेल्या बाईकडं पाहिलं आणि नुसती मान हलवली.

टॅबवर लाल अक्षरं आली होती: 'वेळ संपली.'

नंदलालजी ओल्या बुटांनी पाटाच्या कडेकडेनं ओट्यापर्यंत चालत गेले. गंजात डोकावले. परत आले.

"तुम्हाला कसं कळलं कुठं थांबवायचं?"

"पाटातलं पानीही तिचंच होतं नं जी," कुंदाबाई म्हणाली. "ते मोजावं लागते."

नंदलालजींनी टॅबकडं पाहिलं. नियमाप्रमाणे परीक्षा परत घेता येत नाही. फक्त नेटवर्क गेलं तर घेता येते.

"नेटवर्क गेलं," नंदलालजी म्हणाले.

टॅबवर नेटवर्कच्या चारही काड्या उभ्या होत्या.

"होय जी, गेलं," टिकाराम म्हणाला. "मी जाताना पाह्यलं."

मंगलीकडं दुसरं गंज होतं. या वेळी कुंदाबाईला एक मिनिट दहा सेकंद लागले, आणि हाकेला उत्तर यायला वेळ लागला नाही. मग उरलेल्या सत्तावीस जणांनीही पाळीवर चढून तीच हाक दिली, कारण आता दुसऱ्या कोणत्या पद्धतीनं पाणी सोडायची कोणाला लाज वाटली असती. सत्तावीस वेळा मंगली 'माही' म्हणाली. त्या संध्याकाळी शुभारंभ लॉनची भांडी इतकी स्वच्छ होती की वरपक्षाच्या एका पाहुण्यानं ताटात स्वतःला पाहून भांग पाडला.

कुंदाबाईला शंभरपैकी एक्याऐंशी मिळाले. तोंडी परीक्षेत एक गुण कापला गेला, 'वरिष्ठांना कळवावे' असं एकदाही न म्हटल्याबद्दल, आणि बाकीचे अठरा हेल्मेट न घातल्याबद्दल. सगळे अठ्ठावीस पास झाले. पीयूषनं निकाल वाचून दाखवला तेव्हा तो मध्येच हिंदीत गेला, पण या वेळी घाबरून नव्हे. उन्हाळाभर तो दर रविवारी जांभूळटोल्याला येत राहिला. कुंदाबाई त्याला पाळीवर उभं करून हाक द्यायला लावायची. पहिले तीन रविवार त्याच्या हाकेला फक्त म्हशींनी माना वळवल्या.

भैयाजींनी बोडी बुजवली नाही. लग्नाच्या पार्टीनं पाळीवर उभं राहून इतके फोटो काढले की आठवड्यात फाटकावर नवी पाटी लागली: 'शुभारंभ लेक व्ह्यू लॉन'. महिनाभरात आणखी दोन लॉनवाले आणि पाच शेतकरी बोडी खणायला माणसं विचारत आले. डिंपलची ती यादी तेव्हा कामी आली. अकरा माणसांची टोळी तयार झाली, टिकाराम मुकादम झाला आणि डिंपल मोजमाप, कागद, फोन सांभाळायला लागली. तिच्या त्या सातव्या प्रमाणपत्रावर काय लिहायचं राहिलं होतं ते आता कळलं असं ती सांगते. सासऱ्यांना ते पटत नाही, पण ते तिच्या हातचा डबा घेऊन टोळी पाहायला जातात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कमिटी बसली. कुंदाबाईकडं निकालाचा कागद होता, छापील प्रमाणपत्र यायचं होतं. अश्विनही आला होता. सचिव म्हणाले, दोन उमेदवार, दोघंही पात्र, तर अनुभव पाहावा लागेल, आणि रजिस्टरप्रमाणे बाईंचा अनुभव शून्य आहे.

उमराव भिंतीला धरून उठला. गुडघ्यांमुळं त्याला उठायला वेळ लागतो.

"रजिस्टरात एकोनवीस वर्स आन वरून चार, माहं नाव आहे," तो म्हणाला. "पन पह्यलेपासून सांगे हे बाईच. कोनता खुंटा, किती वेर, कोनाले आधी. मी चढत होतो आन काढत होतो. गुडघे गेले तवा गावाचं एक दिवस पानी चुकलं काय? चुकलं असेल तर सांगा."



अश्विन त्या दिवशी सकाळी तलाव पाहून आला होता. "मला वाटलं होतं छोटा असेल," तो म्हणाला. "काकू, मी तुमच्या हाताखाली शिकायला येऊ का?"

"ये," कुंदाबाई म्हणाली. "गाडी खालतीच लावजो."

सचिवांनी रजिस्टर उघडलं, एक ओळ खोडली आणि लिहिलं: पाणकर, कुंदाबाई उमराव कापगते. कुंदाबाईनं ते त्यांना वाचून दाखवायला सांगितलं. त्यांनी वाचलं. तिनं परत एकदा वाचायला सांगितलं. मग ती "बरं" म्हणाली आणि बाहेर येऊन चप्पल घालायला लागली, तर उजवी डावीत आणि डावी उजवीत. तशीच ती तलावापर्यंत चालत गेली.

छापील प्रमाणपत्र सप्टेंबरच्या शेवटी आलं. पेढे तेव्हा वाटले. डिंपलनं फ्रेम करायला घेतलं आणि सवयीनं खालची बारीक अक्षरं वाचली.

"आई, हे दोन वर्सच चालते. मंग सत्तावीस सप्टेंबरले याची मुदत खतम."

"सत्तावीस सप्टेंबर?" कुंदाबाई उठून बसली. "तवा धान निसवून लोंबीवर रायते. पान्याची खरी पारी तवाच. मले काय होते त्या दिवशी?"

"होत नाही काही. फक्त तुमाले येत नाही असं समजतात."

"आन येत असलं तर?"

डिंपलकडं आता आठ प्रमाणपत्रांचा अनुभव होता, पण याचं उत्तर एकातही नव्हतं. तिनं कोरा कागद घेतला. कुंदाबाईनं सांगितलं आणि डिंपलनं सरकारी भाषेत बसवलं, ते असं:

'प्रति, मा. सक्षम अधिकारी महोदय. विषय: कौशल्य विसरण्याचे प्रशिक्षण आयोजित करणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार ही मौजा जांभूळटोला येथील तलावाची नियुक्त पाणकर असून, तिच्या प्रमाणपत्राची मुदत सत्तावीस सप्टेंबर रोजी संपुष्टात येत आहे. तथापि अर्जदाराने स्वतःची तपासणी केली असता, उक्त दिनांकानंतरही तिला पाणी सोडता येत राहील अशी दाट शक्यता आढळून आली आहे. ही बाब नियमबाह्य आहे. तरी मा. महोदयांना नम्र विनंती की, मुदत संपण्यापूर्वी अर्जदाराकरिता विस्मरणाचे दहा दिवसांचे प्रशिक्षण तलावाच्या पाळीवर आयोजित करण्यात यावे, त्यास अर्जदार व तलाव या दोघांचीही उपस्थिती अनिवार्य करण्यात यावी, व प्रशिक्षणाअंती अर्जदारास काहीही येत नसल्याबाबतचे प्रमाणपत्र, कायमस्वरूपी वैधतेसह, अदा करण्यात यावे. हे शक्य नसल्यास सव्वीस सप्टेंबरच्या सायंकाळपर्यंत पिकून घेण्याबाबत धानास लेखी आदेश देण्यात यावेत, व त्याची एक प्रत माहितीस्तव पावसास पाठविण्यात यावी, ही विनंती.'